सुनेसमोर खाकरायचं कसं

दिवाळीच्या फराळाला जर्मनीतल्या वाल्डॉर्फची आपली मराठी मंडळी जमली होती. तेव्हा तिथल्या तीन-चार जणांनी मला बाजूला घेतलं. त्यांचे आईवडील इकडे यायचे होते. कुणाच्या वडिलांना दमा, कुणाच्या आईचा खोकला जुना. म्हणाले, "आबा, तुमचं काय काय झालं ते लिहून द्या. आम्ही त्यांना निघण्याआधी वाचायला देतो."

मी चौथी शिकलेला माणूस. कराडजवळच्या आमच्या गावात पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. लिहायचं म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव डब्यावर. म्हणून नाही म्हणालो. घरी आलो आणि सुनेकडे वही मागितली.

वहीतलं हे सगळं सूनबाईने, अनघाने, टाइप केलं आहे. शब्द बदलायचा नाही अशी अट घातली होती. तिने दोन ठिकाणी विचारलं, "आबा, हे ठेवायचं?" ठेव म्हटलं. लाजून लिहायचं असतं तर लिहिलंच नसतं.

कुंपणामागे

आम्ही दोघं, मी आणि मालन, ऑगस्टच्या शेवटी इकडे आलो. मुलगा प्रशांत आणि अनघा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. जूनमध्ये त्यांना मुलगी झाली, ईरा. तिला बघायला, तेल लावायला, न्हाऊ घालायला मालन आली आणि मालनबरोबर मी. माझं तसं काही काम नव्हतं. पोरगी मांडीवर घेऊन बसायचं, एवढंच. ते काम मला फार आवडलं.

मला कफाचा त्रास जुना. सकाळी उठलं की छाती भरलेली. गिरणीतलं पीठ पस्तीस वर्षं नाकातोंडात गेलं त्याचा हा प्रसाद, असं मी समजत होतो. गावाकडे ह्याची काही अडचण नव्हती. उठायचं, परड्यात लांब जायचं, मोकळं खाकरायचं, चूळ भरायची, घरात यायचं. सून, लेक, पाहुणी बाई कुणी असेल तर त्यांच्या कानावर ते पडू द्यायचं नाही. आमच्या वडिलांनीही कधी पडू दिलं नाही.

इथे फ्लॅट. परडं कुठून आणणार? बाथरूम म्हणजे हॉलला लागून, आणि हॉलमध्ये सूनबाई पोरीला घेऊन बसलेली. चार दिवस मी कफ गिळला. खरं सांगतो, गिळला. पाचव्या दिवशी सकाळी फिरायला जातो म्हणून खाली उतरलो आणि इमारतीच्या मागे हिरव्या कुंपणाआड जाऊन छाती मोकळी केली. रोजचा नेम झाला.

आठवडाभराने त्या कुंपणावरची खिडकी उघडली. आत पांढऱ्या केसांची म्हातारी. तिने बोट माझ्याकडे केलं, मग खाली फुलांच्या वाफ्याकडे केलं आणि मोठ्याने म्हणाली, "नाइन!" नाइन म्हणजे नाही, एवढं जर्मन मला येत होतं. मान खाली घालून मी वर आलो आणि कुणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. तर दुपारी बाई दारात उभी. ही फ्राऊ केसलर, म्हणजे केसलरबाई, तळमजल्यावर राहणारी, ऐंशीच्या पुढची. एका हातात कागदी रुमालांचा खोका, दुसऱ्या हातात थर्मास. माझ्या मनात आलं, आता सुनेसमोर सगळं निघणार. ती अनघाशी बराच वेळ बोलली. अनघा माझ्याकडे बघून हसू दाबत होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणतात, रुमालात थुंकायचं, रुमाल कचऱ्यात टाकायचा. आणि वाफ्यातल्या गुलाबाला तुमच्या खोकल्याचा काही उपयोग नाही."

"आणि थर्मासात काय आहे?"

"थायमियानचा चहा. तुमच्यासाठी."

मी म्हटलं, आम्ही अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ पिऊन वाढलेली माणसं. आम्हाला ह्या गोऱ्या लोकांचा पाला कशाला? पण बाई दारातून हलेना. घोट घेईपर्यंत हलणार नाही असं तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. झाकण काढलं, वाफ नाकात गेली, आणि मी मालनला हाक मारली. "अगं, ये इकडे. ह्याचा वास घे."

मालनने वास घेतला. "ओवा!" म्हणाली.

ओवा नव्हता, पण वास अगदी ओव्याच्या घरातला. प्रशांतने संध्याकाळी फोनवर बघून सांगितलं, दोन्हीतला वासाचा अंश एकच आहे. मला सांगायची गरज नव्हती. नाकाला कळलं होतं.

पाला, कांदा आणि चक्का

त्यानंतर सकाळी कुंपणामागे रुमाल घेऊन जाऊ लागलो, आणि तीन आठवडे फ्राऊ केसलरचा रोगी झालो. तिला माझे शब्द कळत नव्हते, मला तिचे कळत नव्हते, पण औषधाच्या बाबतीत दोन म्हाताऱ्यांना भाषा कमी लागते. ती छातीवर हात आपटायची, बोटं वर करून दिवसातून किती वेळा ते दाखवायची.

थायमियान उकळायचं नाही. गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं, दहा मिनिटांनी गाळायचं, वर मध. कांदा बारीक चिरून बरणीत मधाबरोबर ठेवायचा, सुटलेला रस चमच्याने घ्यायचा. रस्त्याकडेला उगवणारा एक लांब पानांचा पाला असतो, शिरा उभ्या, दोऱ्यासारख्या. त्याचा पाक तिने वसंतातच करून ठेवला होता. कॅमोमिलची फुलं पातेल्यात टाकून डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घ्यायची. एकदा मी भिंतीवर चढलेल्या आयव्हीचं पान तोडून तिला दाखवलं, कारण औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटलीवर तेच चित्र होतं. तिने माझ्या हातातून पान हिसकावून घेतलं आणि स्वतःचा गळा धरून जीभ बाहेर काढून दाखवली. ते घरी करायचं नाही, दुकानातूनच घ्यायचं. हे मी मुद्दाम लिहितो. आपल्याकडची माणसं दिसला पाला की उकळतात.

आणि मग चक्का. एक दिवस ती क्वार्कचा मोठा डबा घेऊन आली. क्वार्क म्हणजे आपला चक्काच, थोडा ओलसर. तिने तो फडक्यावर थापला, कोमट केला आणि मला शर्ट काढायची खूण केली.

मालनने डब्याकडे बघितलं. "हे खायचं ना?"

"छातीला बांधतात, आई," अनघा म्हणाली. "खोकला सैल होतो म्हणतात."

"चक्का? छातीला? अगं, साखर आहे, वेलची आहे, केशर मी आणलंय गावाहून!"

"आई, त्यांना वाईट वाटेल."

"मला वाटतंय त्याचं काय?"

मी छातीला श्रीखंडाचा चक्का बांधून अर्धा तास खुर्चीत बसलो. मालन समोर बसून त्या फडक्याकडे बघत होती, जणू कुणी तिची पोळी कुत्र्याला घातली. उरलेल्या अर्ध्या डब्याचं तिने संध्याकाळी श्रीखंड केलं आणि वाटीभर खाली पाठवलं. वाटी रिकामी परत आली, धुऊन.

कफ सैल होत होता, हे खरं. सकाळी मोकळं वाटायचं. पाला, वाफ, मध ह्यांनी सुख मिळतं, मी ते कमी लेखत नाही. पण मी त्याच्या आड लपत होतो. ते आता सांगतो.

रुमाल

सप्टेंबरच्या शेवटी मला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. अंगावर काटा, मग घाम. पँट सैल झाली. आणि एका सकाळी रुमालात कफाबरोबर रक्ताची रेघ आली.

मी तो रुमाल कचऱ्यात टाकला नाही. घडी करून पँटच्या खिशात ठेवला. का, ते मला तेव्हाही माहीत होतं.

आमचा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो. मी दहा वर्षांचा असताना तो क्षयाने गेला. त्याचं ताट वेगळं, वाकळ वेगळी, गोठ्याशेजारच्या खोलीत तो एकटा. गावाला सांगितलं होतं, पोराला कावीळ आहे. त्याच्याकडे ताट घेऊन जायचं काम माझं होतं. तोही असाच फडकं खिशात लपवायचा.

तर मी ठरवलं की मला काहीही झालेलं नाही. चहा वाढवला. कांद्याचा रस दुप्पट घेतला. अनघा म्हणाली, "आबा, डॉक्टरला दाखवूया." मी म्हटलं, फ्राऊ केसलरचं चालू आहे ना. प्रशांतने वेळ ठरवली, मी त्या दिवशी फिरायला गेलो आणि दोन तास आलो नाही. आणि रोज ईराला मांडीवर घेतलं. हे लिहिताना हात थांबतो, पण घेतलं. रोज.

आठव्या दिवशी मालनने मशीनला लावण्याआधी खिसे तपासले. इकडच्या कागदी रुमालाने सगळे कपडे खराब होतात, म्हणून ती तपासते. ती खोलीत आली, दार लावून घेतलं आणि हात पुढे केला. हातात तीन रुमाल.

"अहो, हे काय?"

मी ते घ्यायला गेलो, तिने हात मागे घेतला.

"कधीपासून?"

"आठवडा."

पन्नास वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही नाही चढवला. दार उघडून तिने अनघाला हाक मारली आणि रुमाल तिच्या हातात दिले. मला त्यापेक्षा मार परवडला असता.

निदानाचा दिवस

इथे आधी घरच्या डॉक्टरकडे जायचं, तो पुढे पाठवतो. त्याने छातीला नळी लावली, ताप बघितला, लगेच फोटो काढायला पाठवलं. फोटोत उजव्या बाजूला वर डाग होता. तिथूनच आम्हाला हायडेलबर्गच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. गाडीत प्रशांत मधेच "आल्झो..." म्हणायचा, म्हणजे "तर मग...", आणि वाक्य तसंच सोडायचा.

दवाखान्यातली डॉक्टर बाई तरुण होती, धीराची. तिने एकेक वाक्य बोलून अनघाकडे बघायचं, अनघाने मला सांगायचं. प्रशांतचं ऑफिसचं काम सगळं इंग्रजीत, त्याची जर्मन दुकानापुरती. अनघा इथे शिकायलाच होती, तिची पक्की.

"आबा, त्या म्हणतात, हे टीबी असू शकतं. नसूही शकतं. कळायला तुमचा कफ हवा, छातीतून आलेला. तीन सकाळी तीन डब्या. तोपर्यंत तुम्हाला वेगळ्या खोलीत ठेवतील."

मग डॉक्टर बाईने आणखी काही विचारलं. अनघाचा चेहरा बदलला. तिने उत्तर दिलं, तीन बोटं दाखवली.

"काय विचारलं?"

"घरात लहान मूल आहे का. मी सांगितलं, तीन महिन्यांचं."

"मग?"

"टीबी निघाला तर ईराला लगेच औषध सुरू करावं लागेल. महिनोन्‌महिने. नाही निघाला तर नाही. तुमच्या तपासणीवर आहे सगळं."

 दादा गेला तेव्हा मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या खुर्चीत वाटली. माझं काय व्हायचं ते होवो, सत्तरी गाठली. पण मी त्या पोरीला काय दिलं?

काचेची खोली

खोली चांगली होती, हे सांगायला पाहिजे. मोठी खिडकी, बाहेर पिवळं झालेलं झाड. दोन दारं, मधे चिंचोळी जागा. आत येणारा तिथे झगा चढवतो, तोंडाला मुस्कं बांधतो, मग आत येतो. आतल्या दाराला काच. नातेवाइकांनी पलीकडच्या काचेशी उभं राहायचं आणि फोनवर बोलायचं.

सकाळी सहाला रक्तदाब. मग पाव, लोणी, जॅम. दुपारी गरम जेवण, बटाटा ठरलेला. संध्याकाळी पाचला थंड पाव आणि चीज. पाचला! मी नर्सला घड्याळ दाखवलं, तिने मान डोलावली, म्हणजे बरोबरच आहे म्हणे. मालन डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी पाठवायची. नर्सने चटणीचा वास घेतला आणि तिचे डोळे मुस्क्याच्या वर गोल झाले.

त्या नर्सचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. अंगाने धिप्पाड, हात कापसासारखा. दुसऱ्या दिवशी तिने खोकल्याचा चहा आणला. मी वास घेऊन म्हटलं, "थायमियान!" तिला इतका आनंद झाला की त्यानंतर माझा थर्मास कधी रिकामा राहिला नाही. एकट्या माणसाला अशा गोष्टी पुरतात. खिडकीशी बसून गरम चहा पिताना मला दोनतीनदा खरोखर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

दोन डब्या

पहिल्या सकाळी नर्स डबी घेऊन आली. काचेपलीकडे अनघा, फोन लावलेला. पोरीला मालनजवळ ठेवून, दूध काढून ठेवून, प्रशांतच्या गाडीने ती सकाळी सातला हजर झाली होती.

"आबा, आधी चूळ भरा. मोठा श्वास घ्या. मग खोलवरून खोका आणि ह्यात टाका. थुंकी नको, कफ हवा."

नर्स उभी. सून उभी. दोघींचे डोळे माझ्या तोंडावर.

आता तुम्ही म्हणाल, पोरीच्या औषधाचा प्रश्न, आणि ह्या माणसाला लाज सुचते. मलाही आज तसंच वाटतं. पण आयुष्यभराचं वळण आहे ते. ज्या सुनेसमोर मी बनियनवर कधी बसलो नाही, तिच्यासमोर घशातून तो आवाज काढायचा? मी पाठ फिरवली, दोनदा हलकं खोकलो, तोंडातलं होतं ते डबीत टाकलं आणि झाकण लावलं.

"झालं?" फोनमधून आवाज आला.

"झालं."

दुसऱ्या सकाळी तेच केलं.

लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती अनघाने हे टाइप करेपर्यंत कुणाला माहीत नव्हती. डबीत खरा कफ गेलाच नाही तर खरं उत्तरही येणार नाही, असं मला वाटत होतं. उत्तर येईपर्यंत पोरगी बरी आहे. चौथी शिकलेल्या डोक्याचा हा हिशोब. जास्त शिकलेली डोकीही असाच करत असतील.

भांडण

तिसऱ्या सकाळी नर्सने डबी आणलीच नाही, आणि दुपारी अनघा आली ती रागानेच. फोन कानाला लावला तेव्हा तिचा श्वास ऐकू येत होता.

"आबा, दोन्ही डब्या फुकट गेल्या. प्रयोगशाळेने कळवलंय, ह्यात नुसती थुंकी आहे."

"मग तेवढंच येतंय."

"खोटं."

सासऱ्याला खोटं म्हणाली. मी खुर्चीवरून उठलो.

"कुणाशी बोलतेस?"

"तुमच्याशी. रोज सकाळी कुंपणामागे तुम्ही खाकरता ते फ्राऊ केसलरना ऐकू येतं, आणि दवाखान्यात येत नाही? वरपर्यंत ऐकू येतं आबा! मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

 एवढे दिवस मी चोरून उतरत होतो आणि ही वर बसून ऐकत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून." आता ती रडत होती, पण आवाज खाली येत नव्हता. "तुम्ही माझी लाज राखता, मी तुमची राखते, आणि मधे माझी पोरगी. डॉक्टर मला विचारतात, औषध सुरू करू का थांबू. मी काय सांगू? आमच्या सासऱ्यांना माझ्यासमोर खाकरता येत नाही, असं सांगू?"

मी म्हटलं, "तू उद्या येऊ नकोस. मी एकटा असलो की देतो."

"नाही. मी येणार. इथेच उभी राहणार. आणि तुम्ही खाकरणार."

माझ्यासारखं हट्टी माणूस आमच्या घरात दुसरं नाही असा माझा समज होता. तो त्या दुपारी गेला.

तिसरी डबी

सकाळी नर्सने आधी मिठाच्या पाण्याची वाफ दिली, यंत्राने. वीस मिनिटं. वर थायमियानचा चहा, गरम. मग तिने मला पलंगाच्या कडेला बसवलं, पुढे वाकवलं, पाठीवर हाताची ओंजळ करून थापटलं आणि खिडकी उघडून दाराशी जाऊन उभी राहिली.

अनघा काचेपलीकडे. फोन मी पलंगावर ठेवला होता, आवाज मोठा करून.

"घ्या श्वास, आबा."

घेतला.

"आता जोरात."

खोकलो. काही आलं नाही.

"ह्याला जोरात म्हणतात? पट्टा निसटला की गिरणीत ओरडायचात तसं!"

हे तिला प्रशांतने सांगितलं असणार. मला हसू आलं, हसण्याने खोकला आला, आणि तो खोकला थांबेचना. मग मी सून बघितली नाही, नर्स बघितली नाही. छातीच्या तळातून, कराडला ऐकू जावं असा खाकरलो. आलं ते डबीत टाकलं. पुन्हा खाकरलो. हिरवट, दाट, एक लाल रेघ. डबीत बोटभर.

नर्स "सुपर! सुपर!" म्हणून टाळ्या वाजवायला लागली. मी वर बघितलं तर काचेपलीकडे अनघाही टाळ्या वाजवत होती, डोळे पुसत. जन्मात मला टाळ्या पडल्या त्या पहिल्यांदा, आणि त्या ह्यासाठी.

"बघू," ती फोनवर म्हणाली.

"काय बघू?"

"डबी दाखवा. थुंकी असली तर परत करायला लावेन."

मी डबी काचेला लावून सुनेला दाखवली. तिने निरखून बघितली आणि मान हलवली. पुढे राहिलेल्या दोन सकाळी मी पाठसुद्धा फिरवली नाही.

उत्तर

तीन खऱ्या डब्या गेल्या. तिसरीचं उत्तर यायचं त्या दिवशी मी सकाळपासून बूट घालून बसलो होतो. का, कोण जाणे. जायचं कुठेच नव्हतं.

डॉक्टर बाई दुपारी आली. मधल्या जागेत थांबली नाही, झगा नाही, मुस्कं नाही, सरळ दोन्ही दारं उघडून आत आली. ती बोलायच्या आधीच मला कळलं. तिच्या मागे अनघा, तीही मुस्कं न बांधता.

क्षयाचे जंतू नव्हते. तिन्ही डब्यांत नव्हते. जंतू वाढवून बघायची तपासणी आणखी काही आठवडे चालणार होती. तीही पुढे स्वच्छ आली. फोटोतला डाग जुना होता, फार जुना, वाळून गेलेला. बहुतेक लहानपणी मला तो रोग होऊन माझ्या शरीराने आपोआप बंद केला असावा, असं डॉक्टर बाई म्हणाली. त्या जागी श्वासाच्या नळ्या सैल पडल्या आहेत, तिथे कफ साठतो. ह्या वेळी त्यात साधा जंतुसंसर्ग झाला, म्हणून ताप आणि रक्त.

मी विचारलं, "आणि पोरगी?"

अनघाने हे डॉक्टरला सांगितलंच नाही. स्वतःच उत्तर दिलं. "काही औषध नाही, आबा. काही नाही."

पुढे येणाऱ्यांसाठी

आता माझा नेम असा. सकाळी वाफ, मग एक नळी फुंकायची, चिलमीसारखी दिसते. चिलीम ओढतात, ही फुंकायची, आत गोळी उडते आणि छातीत कंप सुटून कफ हलतो. मग खाकरायचं, बाथरूममध्ये, दार लावून, पण मोकळं. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या, बरं वाटलं म्हणून मधे सोडल्या नाहीत. थायमियानचा चहा मी डॉक्टर बाईला विचारून चालू ठेवला आहे. ती म्हणाली, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर, प्या खुशाल. चक्का मात्र मालनने बंद केला.

तुमचा पाला, तुमचा काढा, इकडचा असो की तिकडचा, सुखाने घ्या. पण रक्त दिसलं, ताप रेंगाळला, अंग उतरलं तर त्याच दिवशी तोंड उघडा. आणि डबी दिली की तिच्यात खरं टाका.

दवाखान्यातून घरी आलो तो दिवस सांगतो आणि थांबतो. प्रशांतने गाडी लावली. दारात फ्राऊ केसलर होती, तिने माझे दोन्ही हात धरले आणि बरंच काही बोलली. वर आलो. अनघाने ईराला उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

मी मागे सरलो. "थांब. हात धुतले नाहीत."

आत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, साबण दोनदा लावला. तोंड धुतलं. शर्ट बदलला. बाहेर येईपर्यंत पोरगी झोपून गेली होती. अनघाने तशीच माझ्या मांडीवर दिली. दवाखान्यातल्या त्या दिवसांत ती जड झाली होती, मानेशी नवी वळी पडली होती.

मी हललो नाही. थोड्या वेळाने पायाला मुंग्या आल्या, मग हात बधिर झाला.

मालन दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा येऊन म्हणाली, "अहो, द्या इकडे आता. पाळण्यात ठेवते."

मी दिली नाही.